टाकसाळीतला फोन आणि खंड्याचे नाणे

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. माझी वायर गुंडाळून तिला रबरबँड लावले आहे आणि मला सामानाच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांजवळ ठेवले आहे. याचे मला वाईट वाटते का, असे तुम्ही विचाराल. आता फारसे काही वाटत नाही. पण ऐकलेले मी विसरत नाही, म्हणून सांगतो.

वितळलेले प्लास्टिक साच्यात ओतून कारखान्यात माझे अंग घडवले गेले. मग बटणे बसली, घंटी बसली. एका बाईने माझ्या रिसीव्हरमध्ये दोनदा "हॅलो" म्हटले, मान डोलावली आणि मला खोक्यात घातले. ते खोके उघडले ते एका सरकारी टाकसाळीत. टाकसाळ म्हणजे जिथे नाणी पाडतात ती जागा. तळमजल्यावर यंत्रे दणादण छाप मारत आणि तो हादरा वरच्या मजल्यावर माझ्या टेबलापर्यंत येई.

मी विक्री विभागात होतो. बाजारात चालणारी नाणी आमच्याकडे नसत. संग्राहकांसाठी पाडलेली चांदीची नाणी डबीत घालून आम्ही विकत असू. माझ्या टेबलावर ज्या बाई बसत त्यांना सगळे ताई म्हणत. फोन करणाऱ्याने नाव सांगण्याआधीच त्या आवाजावरून माणूस ओळखत. चष्म्याचे दुकान चालवणारा एक गृहस्थ गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता बोले. एक निवृत्त शिक्षिका आधी माहितीपत्रकातल्या शुद्धलेखनाच्या चुका सांगत आणि मग नाणे मागत. त्या वेळी पक्ष्यांची नाणीमाला निघत होती. दरवर्षी एक पक्षी. "ताई, बगळा आला का?" असे लोक विचारत आणि ताई म्हणत, "आला. तुमचा बाजूला काढून ठेवलाय."

ते पक्षी कोरणारे गृहस्थ वरच्याच मजल्यावर बसत. डोळ्याला सदानकदा भिंग लावलेले, म्हणून त्यांचे नाव भिंगकाका पडले होते. पोलादी ठशावर ते चित्र आणि अक्षरे उलटी कोरत, म्हणजे नाण्यावर ती सुलटी उमटत. त्यांचा शेवटचा पक्षी खंड्या. त्याचा ठसा पुरा होईतो त्यांची नजर बरीच गेली होती. ठसा सुपूर्द करून ते निवृत्त झाले. तयार झालेले नाणे त्यांनी पाहिले नाही.

त्याच सुमारास वेबसाइट आली. साहेबांनी ताईंना सांगितले की आता सगळी विक्री साइटवरूनच होईल, लोकांना फोन करायची गरजच पडणार नाही. साहेब वाईट नव्हते. त्यांना ते खरेच तसे वाटत होते.

खंड्याची विक्री ज्या सकाळी उघडली, त्या सकाळपासून मी वाजत राहिलो. कोणाला साइट रांगेत उभे करी आणि त्याची पाळी आली की पहिल्या पानावर नेऊन सोडी. कोणाच्या कार्टमधले नाणे पत्ता लिहीपर्यंत गायब होई. कोणाचा ओटीपी येई, पण वेळ संपल्यावर. चष्मेवाल्याला साइट म्हणाली की हा पासवर्ड चुकीचा आहे. त्याने नवा घातला, तर म्हणाली की हा तुमचा जुनाच पासवर्ड आहे. "ताई, मग मी नेमका कोण आहे?" त्याने विचारले. त्या दिवशी ताई हसल्या होत्या. नंतर साइटवर 'साठा संपला' असे झळकले आणि संग्राहकांचे आवाज चढले. ज्यांच्याकडे बगळ्यापासूनचे सगळे पक्षी होते, त्यांची माला शेवटच्या पक्ष्यापाशी अडली होती.

मग ताईंना एक छापील मजकूर मिळाला. फोन आला की तोच वाचायचा: आपली गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत, कृपया वेबसाइटला भेट द्या. सुरुवातीला ताई तो वाचून झाल्यावर हळूच आपले दोन शब्द घालत. पुढे घालीनाशा झाल्या. शिक्षिकाबाई एकदा रडवेल्या झाल्या, तेव्हा ताईंनी मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्यांचा आवाज मी अगदी जवळून ऐकत होतो. त्यात राग नव्हता, कंटाळाही नव्हता. काहीच नव्हते.

भिंगकाकांचा फोन आला, तोही असाच एका दुपारी. मागे काकू काहीतरी वाचत होत्या. तुम्ही माणूस आहात हे पटवण्यासाठी साइट वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावते, तीच. काकांना दिसत नव्हती, म्हणून काकू वाचत आणि काका बटणे चाचपत टाइप करत. दर वेळी चुके. काका म्हणाले की जन्मभर उलटी अक्षरे कोरली, पण ही काही जमत नाहीत. तक्रार म्हणून नाही, सहज सांगितले. मला खंड्या एकदा हातात धरायचा आहे, एवढेच म्हणाले. ताईंनी त्यांचा आवाज ओळखला होता. तरी त्या मजकूर वाचू लागल्या. काकांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला, "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

काही आठवड्यांनी थोडी नाणी पुन्हा साइटवर येणार असे जाहीर झाले. तो सुट्टीचा दिवस होता. ऑफिसात कोणी नव्हते. मी वाजलो, वाजत राहिलो, आणि मग माझ्यातला ध्वनिमुद्रित आवाज म्हणाला की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, संदेश ठेवा. पलीकडे कोणीतरी श्वास घेत होते. मग आवाज आला.

"मी बोलतेय. इथलीच. काकांसाठी साइटवर बघत होते. मलाही बाहेर काढलं हो."

त्या ताई होत्या. सवयीने त्यांनी मदतीचा नंबर फिरवला होता आणि तो त्यांच्याच रिकाम्या टेबलावर वाजला होता.

दुसऱ्या दिवशी ताईंनी आपला संदेश ऐकला, पुसला आणि त्या साहेबांकडे गेल्या. साहेबांना घेऊनच परत आल्या आणि त्यांना साठ्याच्या नोंदी दाखवल्या. घोळ असा होता की अर्धवट राहिलेल्या ऑर्डरींची नाणी साइटने विकली गेली म्हणून धरली होती. ती तळघरात तशीच पडून होती. विक्रीची मुदत संपत आली होती आणि उरलेली नाणी वितळवण्याचा नियम होता. त्यातले एक भिंगकाकांना विकावे, असे ताई म्हणत होत्या.

साहेबांनी स्क्रीनवरच्या आकड्यावर बोट ठेवले. "साइटवर शिल्लक शून्य आहे," ते म्हणाले. "शून्यातलं एक मी विकू कसं?"

ताईंनी वाद घातला नाही. त्यांनी माझी बटणे दाबली आणि काकांना सगळे जसेच्या तसे सांगितले. नाणी आहेत, पण विकता येत नाहीत, आणि वितळणार आहेत. छापील कागद समोर होता, त्यांनी तो पाहिलासुद्धा नाही.

काका म्हणाले, "वितळवायच्या आधी एकदा हातात देतील का?"

साहेबांनी याला हरकत घेतली नाही. यात विक्री नव्हती.

काका आले, काकूंचा हात धरून. पूर्वी ते जिना एका दमात चढत. साहेबांनी डबी उघडली आणि खंड्या काकांच्या तळहातावर ठेवला. काकांनी तो डोळ्यांजवळ नेला नाही. अंगठ्याने आधी काठ चाचपला, मग चोच, मग पंखांच्या रेषा. खाली यंत्रे चालू होती. माझ्या शेजारचा पाण्याचा ग्लास थरथरत होता.

"पंख जरा उथळ आलाय," काका म्हणाले. "डोळा छान उमटलाय."

एवढे बोलून त्यांनी नाणे साहेबांपुढे धरले. साहेबांनी लगेच हात पुढे केला नाही. राहू द्या म्हणावे असे त्यांना वाटले असेल, पण ते म्हणाले नाहीत. काकूंनी विचारले, "झालं का?" काका म्हणाले, "झालं." दोघे जिना उतरून गेले. ताई खिडकीशी उभ्या होत्या. मी वाजलो तेव्हा त्यांनी उचलले आणि स्वतःच्या शब्दांत बोलल्या. नाणे मिळणार नाही असेच सांगितले, पण का मिळणार नाही तेही सांगितले.

नाणी ठरल्या दिवशी भट्टीत गेली. पुढे मदतीचा नंबर बंद झाला, आता साइटवर एक चौकोन आहे, त्यात प्रश्न लिहायचा असतो. ताईंची बदली झाली. मला इथे आणून ठेवले.

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला नुसते ऐकू येते, उत्तर देता येत नाही. ते तुम्हाला येते. उद्या तुम्ही कुठल्या तरी टेबलामागे बसाल आणि समोरच्याला द्यायला तुमच्याकडे काहीच नसेल, असेही होईल. तेव्हा निदान नाही म्हणताना तरी त्याच्याशी बोला, कागद वाचू नका. आणि एखादी गोष्ट देणे तुमच्या हातात असेल, कोणीतरी ती परत करायला हात पुढे केला असेल आणि ती त्याच्याकडेच राहावी असे तुम्हाला मनापासून वाटत असेल, तर तेवढे म्हणून टाका. काका येऊन गेले त्या दिवशी साहेब संध्याकाळपर्यंत माझ्याच टेबलाशी बसून होते. त्यांनी एकदा रिसीव्हर उचलला, कानाला लावला, आणि नंबर न फिरवताच परत ठेवला.