पिठाच्या नावाचा ठिपका

माझा राग नाकावर असतो असं सगळे म्हणतात, पण त्या वर्षी माझ्या नाकात श्वासालासुद्धा जागा उरली नव्हती. सायनसचं इन्फेक्शन तिसऱ्यांदा झालं होतं. भट्टीत ट्रे सरकवायला वाकले की गालाची हाडं फुटतील असं वाटायचं, आणि पाव करपला तरी मला पत्ता लागायचा नाही. बेकरीवाल्या बाईला करपल्याचा वास येऊ नये, म्हणजे काय बोलायचं!

बेकरी आत्याची. तिनं ती उभी केली, मला तिथेच वाढवलं आणि गुडघे बोलायला लागल्यावर माझ्या हाती दिली. मी बाजूला झाले तर शटर खाली, दुसरं कोणी नाही. आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंनी नेमकं तेच काढलं.

"औषधानं इन्फेक्शन बरं होतं आणि परत येतं," त्या म्हणाल्या. "ॲलर्जीनं आतलं अस्तर सुजतं, सायनसच्या वाटा बंद होतात. कशाची ॲलर्जी ते शोधू. गव्हाच्या पिठाची निघाली, तर मात्र भट्टी सोडावी लागेल."

मी म्हटलं, "मग दुसरं काहीतरी काढा." त्या हसल्या नाहीत.

टेस्टच्या आधी सात दिवस ॲलर्जीची गोळी बंद. गोळी पोटात असली की ॲलर्जी दबून बसते, मग टेस्टमध्ये डोंबल दिसणार? ते सात दिवस कसे काढले ते माझ्या रुमालांना विचारा. शिंकून शिंकून नाकी नऊ आले. आत्यानं मला काउंटरवरून हाकललं आणि मागे ट्रे घासायला बसवलं. पण गोळीला मी शिवले नाही. मला कोणी भांडखोर म्हणा, शब्दाची पक्की आहे मी.

टेस्टच्या सकाळी नवऱ्यानं गाडी काढली. दवाखाना डोंगरापलीकडे, रस्ता नुसता वळणांचा. आत्याला गाडी लागते, त्यामुळे तिच्याबरोबर प्रवास म्हणजे तिचा एक नियम असतो: दार लावायच्या आधी ती प्रत्येकाच्या तळहातावर उलटीची एक गोळी ठेवते. लागो न लागो, वाद नाही. माझ्या लग्नात तिनं अख्ख्या वऱ्हाडाला वाटल्या होत्या. आम्ही गिळल्या आणि निघालो.

डॉक्टरबाईंनी माझ्या हातावर पेनानं एक ते बारा आकडे काढले, प्रत्येकापाशी एक थेंब टाकला आणि थेंबावर बारीकसं टोचलं. धूळ, मांजर, बुरशी, झाडांचे पराग असं काय काय. सातवा ठिपका गव्हाच्या पिठाचा. बारावा खात्रीचा, तो सगळ्यांनाच उठतो म्हणे. "पंधरा मिनिटं थांबा," त्या म्हणाल्या. "जिथे गांधी उठेल ती तुमची ॲलर्जी."

ती पंधरा मिनिटं म्हणजे सांगू नका. नवरा मोबाइलवर घड्याळ लावून बसला. आत्या चष्मा पुसून माझ्या हातावर अशी वाकली, की मला माझाच हात दिसेना. दहा मिनिटं झाली, सातवा सपाट. बारा झाली, सपाट. "सरक की जरा," मी म्हटलं, तर म्हणते, "गप बस, हलू नकोस." पंधरावं मिनिट वाजलं आणि सातव्यावर काहीही नव्हतं. आत्यानं मला अशी मिठी मारली की टोचलेल्या हाताचं भरीत व्हायचं राहिलं. नवरा तर चक्क नर्सशी हात मिळवून आला. माझा जीव भांड्यात पडला, मी रडलेसुद्धा.

डॉक्टरबाई मात्र बारावा ठिपका बघत होत्या.

"हाही सपाट आहे," त्या म्हणाल्या. "हा उठायलाच हवा होता. म्हणजे टेस्ट झालीच नाही. गोळी घेतलीत ना?"

"सात दिवस शिवले नाही," मी फणकारले. "आणाशपथा घेऊ का?"

"ॲलर्जीची नाही, कुठलीही. सर्दीची, झोपेची, प्रवासाची?"

आत्यानं पिशवीतून पाकीट काढलं आणि शाळेतल्या चुकार मुलीसारखं पुढे धरलं. डॉक्टरबाईंनी मागचं नाव वाचलं. "ही अँटिहिस्टामिनच आहे."

"अहो, ही उलटीची आहे," आत्या म्हणाली.

"काम उलटीचं, पण कूळ तेच. हिनंच सगळे ठिपके झोपवले."

माझे सात दिवस पाण्यात गेले होते. परतीच्या वाटेवर मी आत्याला जे बोलायचं ते बोलले, आणि जे बोलायचं नव्हतं तेही बोलले.

पुन्हा सात दिवस, पुन्हा रुमाल. दुसऱ्या खेपेला आत्या म्हणाली, मी येणारच. गोळी तिनं स्वतःही घेतली नाही. आम्ही सांगितलं, अगं, तू घे की, टेस्ट तुझी थोडीच आहे. पण ऐकेल तर ती आत्या कसली. दोनदा गाडी थांबवावी लागली, चेहरा पांढराफटक झाला, पण बाईनं हूं की चूं केलं नाही.

या वेळी पाचव्या मिनिटाला बारावा ठिपका खाजायला लागला. खाज सुटली म्हणून इतका आनंद झालेली बाई जगात मी एकटीच असेन. "उठला, उठला," नवरा ओरडला. आता जे दिसेल ते खरं होतं, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. आत्यानं माझा दुसरा हात धरला.

पंधरा मिनिटं झाली. सातवा सपाट, खरोखरचा सपाट. आणि अकराव्यावर बटणाएवढी लालबुंद गांधी.

"पीठ नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि या वेळी हसल्या. "पिठातले किडे. डोळ्यांना दिसत नाहीत, जुन्या साठवणीच्या पिठात वाढतात. पीठ कशात ठेवता? तळ कधी साफ करता?"

मी आत्याकडे बघितलं. आमच्याकडे पिठाची लाकडी पेटी आहे, माझ्या छातीएवढी उंच. जुन्यावरच नवं ओतायचं, तळ दिसू द्यायचा नाही, ही आत्याची रीत. बेकरीच्या पहिल्या वर्षी एकदा तळ दिसला होता, आणि त्याच आठवड्यात माझे आईवडील गेले. तेव्हापासून चाळीस वर्षं त्या पेटीचा तळ कोणी बघितला नव्हता. मी हा विषय कधी काढलाच नव्हता, आणि तिथेही काढला नाही. "बघतो आम्ही," एवढंच म्हटलं.

घरी पोचल्यावर आत्या पाणीसुद्धा न पिता बेकरीत गेली. मी मागोमाग धावले, तर तिनं मला दाराबाहेर थांबवलं आणि माझ्या तोंडाला मास्क बांधला. दुपारची वेळ, भट्टी बंद. नवऱ्याला हाताशी घेऊन तिनं पेटी आडवी केली. पीठ गोण्यांत भरून बाहेर गेलं. मग ती त्या मोडक्या गुडघ्यांनिशी आत शिरली आणि खरवडायला लागली. खालचं पीठ पिवळं पडून गिलाव्यासारखं चिकटलं होतं.

"आत्या, राहू दे, माणूस लावू," मी दारातून म्हटलं.

तिनं पेटीतून डोकं बाहेर काढलं. भुवया पांढऱ्या, डोळे ओले.

"पेटी रिकामी झाली तर परत भरता येते," ती म्हणाली. "तू भट्टीवरून गेलीस तर मी दिवसभर ओरडू कोणावर?"

आणि लगेच ओरडली, की दारात काय उभी आहेस, मास्क नाकावर घे.