अठरा तारखेची ओळ

दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी बेटाकडे जाणारा रस्ता पाण्याखाली गेला. हॉटेलच्या कार्डावर वेळ छापली होती साडेचार.

त्याच्या दोन मिनिटं आधी आई बेटाच्या टोकाशी दगडी कठड्यावर बसली होती. वय बहात्तर, उजव्या गुडघ्याला पट्टा. शेजारी तिची लेक उभी होती. जावई उतारावर गाडीत होते आणि गाडीची पुढची दोन चाकं ओली झाली होती.

हे बेट भरतीलाच बेट असतं. पाणी उतरलं की दीड किलोमीटरचा रस्ता उघडा पडतो, लोक गाड्या घेऊन जातात आणि पाणी चढायच्या आत परततात. मुक्काम बहुतेक जण किनाऱ्यावरच्या हॉटेलात करतात. तिथे लिफ्ट आहे, गाडी लावायला जागा आहे. लेकीने तिथेच खोल्या घेतल्या होत्या. आईला राहायचं होतं बेटावर. सव्वीस वर्षं ती छापखान्यात मुद्रितशोधक होती आणि या किनाऱ्याचं भरती-ओहोटीचं पत्रक दरवर्षी तिच्या हाताखालून जायचं. एक सहकारी आकडे मोठ्याने वाचायची, आई प्रुफावर बोट ठेवून जुळवायची. एवढ्या वर्षांचं पाणी तिने तपासलं होतं, पाहिलं एकदाही नव्हतं.

पण सहल नुसती सहल नव्हती. मार्चमध्ये आईच्या गॅसवर दूध करपलं होतं आणि महिन्याभरात ती न्हाणीघरात पडली होती. एकटीने राहणं आता पुरे, असं लेक-जावयांनी ठरवलं. आईचं भाड्याचं घर सोडण्याचा अर्ज टाइप होऊन जावयांच्या बॅगेत होता. सही तेवढी राहिली होती, ती समुद्राच्या हवेवर गोडीगुलाबीने घ्यायची असा बेत होता. आईला हा बेत माहीत होता. चष्मा शोधताना तिने बॅग उघडली होती.

सकाळी साडेआठला, नाश्त्याच्या टेबलावर, तिने हॉटेलचं कार्ड हातात घेतलं. महिन्याच्या तीस तारखा, प्रत्येकीसमोर रस्ता उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ. तिचं बोट आपोआप वरून खाली सरकत गेलं आणि अठरावर थांबलं. त्या दिवशी अठरा तारीखच होती.

"हे चुकलंय," ती म्हणाली.

"काय चुकलं?" लेकीने विचारलं.

"पाणी रोज पन्नासएक मिनिटं पुढे जातं. काल दोन पन्नासला बंद झालं, मग आज साडेचार कसं? आज तीन चाळीस हवं. आजची ओळ गळलीय आणि खालच्या सगळ्या एकेक घर वर सरकल्यात."

जावई पावाला लोणी लावत होते. "आई, हे लोक रोज शंभर माणसं पाठवतात तिकडे. त्यांना कळत नसेल?"

"कालपर्यंत कळायचं कारण नव्हतं, जावईबापू. कालपर्यंत बरोबरच आहे."

"आई, तुला रिटायर होऊन बारा वर्षं झाली," लेक म्हणाली.

"मी झाले. समुद्र नाही झाला." आईने कार्डाच्या तळाशी नख ठेवलं. "हे बघ, एकोणतीस आणि तीस. आकड्याला आकडा सारखा. एक ओळ कमी पडली म्हणून शेवटची दोनदा लावलीय."

लेकीने पाहिलं. आकडे सारखे होते. तिने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने चहाकडे.

आई काउंटरवर गेली. तिथल्या कारकुनाने हसून सांगितलं, "आजी, ही कार्डं वरून छापून येतात." आईने पर्समधून लाल पेन काढलं आणि गठ्ठ्यातल्या कार्डांवर दुरुस्ती करायला घेतली. अकरावं कार्ड झाल्यावर कारकुनाने गठ्ठा हळूच आपल्याकडे ओढला. दुरुस्त केलेली कार्डं मात्र वरच राहिली.

"बेटावर जाऊ, फिरू आणि चारला परत निघू," लेकीने तडजोड काढली. "आणि हा विषय बंद."

"तुम्ही निघा. मी रात्रीची पिशवी घेऊन येते."

"आई, हट्ट करू नकोस."

"हट्ट कसला? गोळ्या घेतल्यात, पट्टा घेतलाय, गाऊन घेतलाय. हट्टाला एवढं सामान लागत नाही."

अकरा वाजता तिघं बेटावर पोचली. लेक-जावई दीपगृह बघायला गेले. आई मुक्कामाची जागा बघायला गेली.

बेटावर उतरायच्या जागा तीन. पहिली धक्क्याजवळ, खानावळीच्या वर. गादीलाही तळणाचा वास होता. दुसरी टेकडीवर, चित्रात शोभावी अशी, पण पायऱ्या एक्केचाळीस. आईने त्या खालूनच मोजल्या आणि वळली. तिसरी जाळी ठेवायच्या कोठारामागे होती. तळमजला, भिंतींना चुना, आणि खिडकीतून अख्खा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होता. आईने पलंग तळहाताने दाबून पाहिला, न्हाणीघरातला लोखंडी दांडा धरून दोनदा हलवला. दांडा हलला नाही.

"कडी आतून लागते ना?"

"लागते, मावशी," खोलीवाली बाई म्हणाली.

"बाहेरून कोणी उघडू शकतं?"

"फक्त मी."

"तुम्हीही नको. आणि आज रस्ता किती वाजता जातो?"

"चारच्या जरा आधी."

"तीन चाळीस?"

बाईने तिच्याकडे नीट पाहिलं. "इथल्याच का तुम्ही?"

"नाही. दोन खोल्या द्या."

"तुम्ही तर एकट्या दिसता."

"तीन चाळीसनंतर तिघं होऊ."

जेवताना आईने लेकीला हे सांगितलं. जावई हसले. "खोलीवाली ती. राहा असंच म्हणणार, तिचा धंदा आहे." रस्त्याच्या तोंडाशी वेळांची एक पाटी असते, पण ती त्या आठवड्यात रंगवायला नेली होती. रिकामी चौकट तेवढी उभी होती.

साडेतीनला आई कठड्यावर येऊन बसली. पाणी लाटांनी आलं नाही. दोन्ही बाजूंच्या चिखलातल्या चरांतून ते मुकाट्याने भरत आलं आणि रस्त्याच्या मध्यावर दोन्हीकडचं एकमेकांना भिडलं. तेवढ्यात जावयांनी गाडी काढली. "अजून एक तास आहे, हे नुसतं ओलं झालंय," ते म्हणाले आणि उतारावरून खाली गेले. आई उठली. पट्ट्याच्या पायाने शक्य तेवढी भरभर चालत ती गाडीच्या खिडकीशी गेली आणि तिने मनगटावरचं घड्याळ काचेला लावलं.

तीन चाळीस.

जावयांनी समोर पाहिलं. रस्त्याचा पांढरा पट्टा पन्नास पावलांवर पाण्यात शिरत होता. त्यांनी गाडी मागे घेतली. ती कठड्याजवळ लावून ते खाली उतरले. आईही कठड्याशी परतली.

"बोला की, आई," ते म्हणाले.

"काय बोलू? दोन खोल्या घेतल्यात. तुमची न्हाणीघराच्या बाजूची."

लेकीला हसू आवरेना. ती कठड्याला धरून हसली, मग आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हसली. आईने पाण्यावरची नजर हलवली नाही. सव्वीस वर्षं आकड्यांत पाहिलेलं पाणी ठरल्या मिनिटाला आलं होतं आणि ती त्याच्या आतल्या बाजूला होती.

त्या दिवशी हॉटेलातून नऊ गाड्या बेटावर आल्या. चार वेळेत परतल्या. त्या चारही गाड्यांत लाल पेनाची कार्डं होती. बाकीच्या पाच अडकल्या. रात्री पाणी उतरतं, पण अंधारात त्या रस्त्यावर गाडी घालायला बंदी आहे. पाचपैकी चार गाड्यांतली माणसं शाळेच्या वर्गात बाकं जोडून झोपली. पाचवी गाडी जावयांची. संध्याकाळी हॉटेलच्या व्यवस्थापकाचा फोन आला. पुढच्या महिन्याचं कार्ड छापण्याआधी आजींनी एकदा नजर टाकली तर बरं होईल, असं तो जावयांना म्हणाला. जावयांनी फोन सासूबाईंकडे दिला. "प्रूफ पाठवा, मग बघू," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नऊ दहाला रस्ता उघडला. लेक-जावयांनी सामान गाडीत ठेवलं. आई दारात उभी राहिली, पिशवी न घेता.

"मी आजही राहते. एकटी. उद्या या न्यायला."

"आई..." लेकीने सुरुवात केली.

"राहू दे त्यांना," जावई म्हणाले. त्यांनी बॅगेतून अर्ज काढून आईच्या हातात दिला. "हाही ठेवा तुमच्याकडे. वाचून घ्या."

साडेचारला रस्ता पुन्हा पाण्याखाली गेला. लेक पलीकडच्या काठावर उभी होती. तिथून खोलीची खिडकी दिसत होती आणि ती उघडी होती. पाचला तिने फोन केला. आईने तिसऱ्या घंटीला उचलला.

"कडी लावलीस का?"

"लावली. आणि तुमच्या अर्जात दोन चुका आहेत. पेन्सिलीने दुरुस्त केल्यात."

"आणि सही?"

आई म्हणाली, पाणी चढतंय, ते बघते आहे, नंतर बोलू.

अर्ज अजून तिच्याकडेच आहे.