गाजराच्या मापाचा कार्बोरेटर

इंजिन माझ्या हातात आलं तेव्हा त्याला नाकही नव्हतं आणि तोंडही नव्हतं. म्हणजे हवा आणि इंधन आत घेणारा कार्बोरेटर गायब, आणि धूर बाहेर सोडणारा सायलेन्सरही गायब. कधीतरी कुणीतरी काढून दुसऱ्या इंजिनाला लावले असणार. बाकी इंजिन झकास! मुठीएवढं. बोटाने पंखा फिरवला की आतला पिस्टन असा काही फुरफुरत वर यायचा की मला हसूच फुटलं.

"घेऊन जा," तोक्तोसुन अगाय म्हणाले. अगाय म्हणजे गुरुजी; ते आम्हाला भौतिकशास्त्र शिकवतात आणि शाळा सुटल्यावर उडणारी छोटी विमानं बनवायचा वर्ग घेतात. "हे सुरू केलंस तर कपाटावरचं ते लाल विमानही तुझं. फक्त उडवणार कुठे, ते बुरुलचाला विचार."

सगळी गोम तिथेच होती. आमच्या कोचकोर गावात सपाट जमीन म्हणजे एकतर बटाटे लावलेली, नाहीतर बुरुलचा एजेच्या, म्हणजे बुरुलचा मावशीच्या, घोड्या चरत असलेली. बर्फ वितळलं की एजे माळावर तंबू ठोकते, शिंगरं लांब दोरीला ओळीने बांधते, आणि थंडी पडेपर्यंत हलत नाही. घोडी बिचकली की पान्हा चोरते. मागच्या उन्हाळ्यात आमच्या वर्गातल्या एका शहाण्याने सायलेन्सरशिवाय इंजिन सुरू केलं, आणि एजेच्या बादलीत त्या दिवशी थेंब पडला नाही. तेव्हापासून माळावर विमान बंद.

तरी मी गेले.

"एजे, विमान उडवू?"

"उडव की. आधी माझ्या घोड्यांना कुठेतरी फिरायला घेऊन जा, मग उडव."

"आणि आवाज फार नसला तर?"

एजेने माझ्या हातात किमिझची, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, वाटी दिली आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ती करडी दिसते? सगळ्यात नखरेल. तुझं मशीन चालू असताना तिने पान्हा सोडला, तर रोज ये. नाही सोडला, तर मशीन घेऊन इकडे फिरकायचं नाही. आणि वाटी रिकामी कर, घोडीच्या मेहनतीचं आहे ते."

मी आंबट किमिझ एका दमात संपवलं. तोंड वाकडं झालं, पण छाती अशी फुगली होती म्हणून सांगू!

आता कार्बोरेटर. इंजिनाच्या मानेत तो घट्ट बसायला हवा, म्हणून माप हवं. इंजिन बाजारात न्यायची मला भीती वाटत होती, कुणी हातोहात लांबवलं तर? म्हणून मी एक गाजर तासलं. मानेत अगदी घट्ट, फटसुद्धा नाही. ते खिशात घातलं आणि शनिवारी पहाटेच मेरिमला घेऊन गुरांच्या बाजाराला निघाले. मेरिम माझी मैत्रीण. माझ्या प्रत्येक कामात ती येते, मुख्यतः हसायला.

मेंढ्यांच्या पलीकडे रखमान आके, म्हणजे रखमानदादा, ताडपत्रीवर दुनियेतलं मोडकं सामान मांडून बसतो. दुपारपर्यंत आम्ही उन्हात उकिडव्या बसून नळ, चाव्या, ट्रॅक्टरची नळकांडी उपसत होतो.

"गाजराला काय हवंय?" आके म्हणाला.

"कार्बोरेटर."

"माझ्या सासऱ्याला पण हवाय. तोही सकाळी सुरू होत नाही."

आणि मग डब्याच्या तळाशी तो सापडला! कुठल्या तरी दुसऱ्याच विमानाच्या इंजिनाचा, काळवंडलेला, पण इंधन कमी-जास्त करणारी सुई शाबूत, झडप मऊ फिरणारी. शेजारी गाजर धरलं. तंतोतंत!

"हा तर चहाच्या समोवारचा नळ आहे," आके म्हणाला. "महाग पडेल."

"आके, यातून चहा प्यायलात तर थेंबभरच चहा मिळेल."

तो इतका हसला की आईने तळून दिलेल्या बोरसोकांच्या पिशवीवर सौदा पटला.

सायलेन्सर मात्र बाजारात नव्हता. मग माझं डोकं चाललं. आमचा तंबू बाहेरचा वारा आत ऐकू देत नाही, कशामुळे? भिंतींच्या जाड नमद्यामुळे! मी आटीव दुधाचा रिकामा डबा घेतला, आत लोकरीचा नमदा ठासून भरला, आणि तारेने इंजिनाला बांधला. अंगणात सुरू केलं, तर खरंच कुजबुजल्यासारखा आवाज. मी नाचायला लागले. तेवढ्यात डब्यातून दाट धूर आला, आणि वास? थेट पाहुण्यांसाठी भाजतात त्या मेंढीच्या डोक्याचा. गल्लीतले सगळे कुत्रे फाटकाशी ओळीने उभे. शेजारची म्हातारी भिंतीवरून डोकावली: "कुणाकडे पाहुणे आलेत गं?"

मेरिम हसून हसून जमिनीवर बसली. "पाहुण्यांना सांग, पिस्टन वाढतेय!"

अगायांनी डबा हुंगला, गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मीठ कमी आहे," आणि कपाटातून एका मेलेल्या इंजिनाचा खराखुरा सायलेन्सर काढून दिला. त्याची भोकं आमच्या भोकांशी जुळत नव्हती. मग मी पत्र्याची पट्टी कापून इंजिनाच्या पाठीमागून फिरवली आणि सायलेन्सरला दोन्ही बाजूंनी आवळली. हलेना. शाब्बास मी!

दुसऱ्या दिवशी माळावर आम्ही विमान खुंट्यांना बांधलं. एजे करडीच्या अंगाला टेकून, गुडघ्यावर बादली घेऊन बसली. शिंगराला आधी थोडं पाजलं, मग बाजूला केलं. मी पंखा झटकला. सुरू! आवाज खरोखर मऊ होता. पण एकसारखा नाही. वाँऽऽ, मग पडायचा, मग पुन्हा वाँऽऽ. मी सुई इकडे फिरवली, तिकडे फिरवली, काही फरक नाही. करडीने मान वर केली, कान टवकारले, आणि बादली कोरडी.

"बंद कर ते," एजे ओरडली. "रडतंय की काय? करडीला वाटतंय कुणाचं तरी शिंगरू हरवलंय. ती दूध देईल की त्याला शोधायला जाईल?"

माझे डोळे भरून आले होते. उन्हाळाच हातातून चालला होता. पण मी इंजिनाकडे बघत राहिले. सुईने फरक पडत नाही आणि आवाज चढ-उतार करतो, म्हणजे हवा कुठूनतरी चोरवाटेने शिरतेय! मी कार्बोरेटर धरून हलवला. किंचित डुगडुगला.

"मेरिम! गाजर!"

"आता? भूक लागली तुला?"

"उन्हात सुकलं असणार! कार्बोरेटर सापडेपर्यंत बारीक झालं, आणि मी बारीक गाजराच्या मापाचा आणला!"

मेरिमने आपल्या सायकलच्या हत्यारांच्या पिशवीतून ट्यूबचा तुकडा काढला. मी पातळ पट्टी कापली, कार्बोरेटरच्या देठाला गुंडाळली, दाबून बसवला, स्क्रू आवळला. डुगडुग बंद.

"एजे, एकदाच. फक्त एकदा."

"शिंगराला विचार, त्याचं दूध आहे," एजे पुटपुटली, पण बसली.

इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं. सुई अर्धा फेरा आत, आणि आवाज सरळ रेषेसारखा ताणला गेला. करडीचा एक कान आमच्याकडे वळला. मग हळूच मागे पडला. ती तोंड हलवत चघळायला लागली, आणि बादलीत चुर्रकन धार वाजली. मग दुसरी!

मी आनंदाने इंजिन बंद करायला हात पुढे केला.

"हात लावू नकोस!" एजे दबक्या आवाजात खेकसली. "आता बंद पडलं तर दचकेल ती!"

मी टाकीकडे पाहिलं. तळाला बोटभर इंधन उरलं होतं. मेरिमने माझा दंड धरला. धार चालूच. इंधन खाली, दूध वर. मी मनातल्या मनात इंजिनाला लाडीगोडी लावत होते: थांब रे राजा, आणखी जरासं. एजे उठली, शिंगराला सोडलं, आणि त्यानंतर इंजिनाने एकदा खोकून मान टाकली. करडीने ढुंकूनही पाहिलं नाही.

एजेने बादली माझ्या नाकाखाली धरली. फेस काठापर्यंत.

"उडव आता," ती म्हणाली. "पण त्या टोकाला जाऊन. आणि पुढच्या धारेच्या वेळी परत ये. कोण जाणे, करडीला तुझ्या मशीनची सवय लागली असेल."

मी टाकी भरली, मेरिमने शेपूट धरलं. लाल विमान गवतावरून धावलं, दोनदा उसळलं, आणि सुटलं! मेरिम किंचाळत होती, मी किंचाळत होते, आणि आमच्या दोघींचा आवाज इंजिनापेक्षा मोठा होता. लांबून एजे ओरडली, "अगं, तुम्हालाच सायलेन्सर लावा!"