सोळा मात्रांचा आकार

मी आगाऊ आहे, असं घरचे सगळेच म्हणतात. दुष्ट आहे, हे मात्र मला त्या दुपारी कळलं.

समूहगानात माझ्याशेजारी माझी मावसबहीण उभी राहायची. गाण्याच्या बाईंनी तिला काढून तिथे नवी मुलगी उभी केली. दूरदेशाहून आलेली, आमच्या भाषेतलं जेमतेम काही कळणारी. मावशी रुसली, तिने आमच्याकडे येणंच सोडलं, आणि मी डोक्यात राख घालून घेतली. त्यात शेवटच्या तालमीला बाईंनी बजावलं, "आज हिच्यामुळे आकार तुटला, तर ही बाहेर."

आकार म्हणजे गाण्याच्या शेवटचा सोळा मात्रांचा 'आ'. एवढा दम कुणालाच नसतो. म्हणून शेजारणींनी आळीपाळीने श्वास घ्यायचा, एक घेते तेव्हा दुसरीने सूर धरायचा. खालच्या सुरात आम्ही दोघीच होतो. एकमेकींचं बोलणं कळायची बोंब, त्यामुळे श्वास घ्यायच्या आधी आम्ही एकमेकींचा तळवा दाबायचो.

पाचव्या मात्रेला मी श्वास घेतला. नवव्या मात्रेला तिने माझा तळवा दाबला, आणि मी मुद्दाम तिच्याबरोबर श्वास घेतला. खालचा सूर गायबच झाला.

"कोण?" बाईंनी विचारलं.

सगळ्यांनी नवीकडे पाहिलं. करून सवरून नामानिराळी मी खाली बघत उभी. तिला आमच्या भाषेत सांगता येणार तरी कसं? तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. हिला सगळं कळलंय, हे मला तेव्हाच समजलं.

"पुन्हा. एकदाच," बाई म्हणाल्या.

या वेळी तिने तळवा दाबलाच नाही. श्वासही घेतला नाही. नववी गेली, दहावी गेली. शेवटी मीच तिचा हात हलवला, घे ना गं. ती घेईना. तेराव्या मात्रेला तिचा आवाज चिरकला.

बाईंनी तिला दार दाखवलं. "उद्यापासून येऊ नकोस."

"बाई, मघाशी मी चुकले," माझ्या तोंडून निघून गेलं. "म्हणजे चुकले नाही. मुद्दाम केलं."

बाईंनी बाकीच्यांना बाजूला केलं.

"आता तुम्ही दोघीच गा."

मी हात पुढे केला. तिने आधी हाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि नाइलाजाने धरला. आठवी मात्रा. नवव्या मात्रेला तिने नखं रुतवून तळवा दाबला. मी जीव खाऊन सूर धरला. ती श्वास घेऊन परत आली. सोळा झाल्या.

बाईंनी तिला ठेवलं आणि मला काढलं. "तुझ्या बहिणीला पाठव. जा आता."

चला, मावशी तरी बोलायला लागेल. मी निघाले, तर नवी हात सोडेना. मी दोनदा ओढून पाहिला. सगळ्यांसमोर रडू फुटायच्या आत मला बाहेर पळायचं होतं, आणि ही बया घट्ट धरून उभी.