या बारीला घड्याळ नाही

श्रीपती आबांनी चादर डोक्यावरून ओढून घेतली, तेव्हा प्रेरणा सिस्टर वॉकर घेऊन खाटेपाशी उभ्या होत्या.

"आबा, फक्त उभं राहायचंय. चालायचं नाही."

चादर हलली नाही.

लोणावळ्याच्या त्या दवाखान्यात आबांच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन पाच दिवस झाले होते. दुसऱ्याच दिवशी उभं राहायला हवं होतं, पण आबांनी तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच. असेच पडून राहिले तर कायमचे अंथरुणाला खिळतील, असं डॉक्टरांनी सकाळी त्यांच्या बायकोला, नंदाबाईंना, स्पष्ट सांगितलं होतं. आबांनी ते ऐकलं आणि पंख्याकडे बघत राहिले. खुबा दुखत होताच. पण खरं दुखणं तिथं नव्हतं.

तीस वर्षं आबांनी मावळातले बैलगाड्यांचे घाट आवाजावर गाजवले होते. घाट म्हणजे शर्यतीची चढाची धावपट्टी. बैल सुटले की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच बारी, म्हणजे गाडीची एक धाव, संपते, आणि मग ती लोकांच्या मनात राहते ती माईकवरच्या माणसाच्या शब्दांनी. तर असा हा माणूस यंदा भर यात्रेत, ऐन रंगात येऊन एक पाऊल मागे सरला, आणि मंचावरून थेट कलिंगडांच्या ढिगात गेला. दोन हजार माणूस हसलं. कुणीतरी ते मोबाईलवर टिपलं आणि संध्याकाळपर्यंत ते कार्ल्यापासून आबांच्या तिकोणा पेठेपर्यंत घरोघर पोचलं. आबांनी तो व्हिडिओ पाहिला नव्हता, पाहायचाही नव्हता. आता या तोंडानं माईकपुढं उभं राहायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आणि माईकच नाही, तर पाय तरी कशाला हवेत?

सिस्टरनी वाद घातला नाही. स्टूल ओढून बसल्या आणि जरा वेळानं हळूच म्हणाल्या, "लाज वाटते ना, आबा? वाटू दे. मी आहे इथं."

आबांना हे नवीन होतं. पाच दिवस जो तो येऊन 'काही होत नाही हो' म्हणून जात होता, आणि ते ऐकून ऐकून त्यांचा जीव विटला होता. चादरीखाली त्यांचे डोळे भरून आले.

मग सिस्टर उठल्या आणि वॉकर शेजारच्या कैलासपुढं ठेवला. कैलास भुशीला कणसं भाजून विकायचा; पाय मोडून घेऊन आला होता. सिस्टरनी केसपेपरची गुंडाळी केली, तोंडाला लावली आणि सुरू झाल्या.

"आणि बैलगाड्याच्या पीचवर उतरलेत कैलासराव! पहिलं पाऊल, दुसरं पाऊल, आणि हा चेंडू थेट सीमेपार! वेळ झाली बारा सेकंद! बैलाचं नाव, कैलास!"

कैलास अजून दारापासून दहा पावलं लांब होता आणि वेळ सांगूनही झाली होती. आबांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"चेंडू कुटनं आला घाटात?" चादरीतून आवाज आला. "आन् घड्याळ आदीच सांगितल्यावर मानसानं फुडं बघायचं काय?"

नंदाबाईंच्या हातातली मोसंबी हातातच राहिली. पाच दिवसांनी नवऱ्याचा आवाज ऐकून त्यांना रडूच फुटणार होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. "जित्याची खोड..." असं म्हणून त्यांनी जीभ चावली. दवाखान्यात पुढचं बोलणं बरं नव्हे.

"मग कसं म्हणायचं, आबा?" सिस्टरनी भाबडेपणानं विचारलं.

"आदी गाव. मग मालक. मग बैल. घड्याळ समद्यात शेवटी, धुरळा खाली बसल्यावर."

दुसऱ्या दिवशी सिस्टर गाव विसरल्या. संध्याकाळी मालकाच्या जागी बैल आणि बैलाच्या जागी मालक. एवढी शिकली-सवरलेली मुलगी आणि साधा क्रम ध्यानात राहू नये! आबांनी कपाळाला हात लावला. आडवं पडून दार दिसेना, म्हणून ते उशीला टेकून बसले. बसून आवाज लागेना, म्हणून तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे राहिले आणि कैलासची बारी अशी काही बोलले, की बायकांच्या वॉर्डातली धोंडाबाई सलाइनची बाटली हातात घेऊन बघायला आली.

चालायचं मात्र नाव नको. बोलायला उभं राहणं वेगळं आणि चारचौघांत पाय टाकणं वेगळं.

शनिवारी डॉक्टर म्हणाले, व्हरांड्याच्या टोकापर्यंत चाललात तर घरी सोडतो. नेमकी भेटायला येणाऱ्यांची वेळ, व्हरांडा माणसांनी भरलेला. नंदाबाईंचा चेहरा बघून आबा निघाले. निम्म्या वाटेवर वॉकर फरशीच्या कडेला अडला आणि ते कलले. सिस्टरचा हात पाठीशी होताच, पण बाकावर कुणीतरी खुदकन हसलं.

"अरे, हे तर कलिंगडवाले!"

आबांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "मागं फिरवा," ते पुटपुटले.

सिस्टरनी फिरवलं नाही. केसपेपरची गुंडाळीही काढली नाही. नुसता आवाज लावला, आणि तो रोजचा शहरी आवाज नव्हता.

"मंडळी, हसायचं न्हाई! पडल्यालं जनावर उठतंय का, तेवडं बघायचं. उठलं, तर टाळी त्याचीच!"

व्हरांड्यातल्या माना वळल्या.

"गाव तिकोणा पेऽऽठ! मालकीण नंदाबाई! आन् बैल..."

नंदाबाईंनी पदरात तोंड लपवलं. आबांना हसू आवरेना, आणि हसता हसता पाऊल कधी पडलं ते त्यांनाही कळलं नाही. दुसरं पडलं. तिसरं पडलं. "झालीऽऽ, झाली, भिर्रर्र!" लोक टाळ्या वाजवायला लागले. आबांनी व्हरांड्याच्या टोकाचा कठडा धरला आणि सवयीनं घड्याळाची वाट पाहत उभे राहिले.

धुरळा खाली बसायला लागतो तेवढाच वेळ सिस्टर थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "या बारीला घड्याळ न्हाई."

आबा गर्रकन मान वळवून बघत राहिले. हे वाक्य ते जन्मात एकदाच बोलले होते. शर्यतींवर बंदी येण्याच्या आधीची गोष्ट. एक बैल घाटाच्या मधोमध गुडघ्यांवर आला होता, लोक खिदळत होते, आणि मालकाशेजारी फ्रॉकमधली एक पोर कासरा घट्ट धरून रडत होती.

"पोरी," अहोजाहो विसरून त्यांनी विचारलं, "तू कुनाची गं?"

"कार्ल्याच्या महिपतीची. सरज्या आमचा होता."

"उठला व्हता ना त्यो?"

"उठला. चालत वरपर्यंत गेला. तुम्ही टाळ्या थांबूच दिल्या नाहीत."

आबांनी मान डोलावली. मग एकाएकी त्यांच्या डोक्यात उजेड पडला.

"म्हंजी तुला समदं येत व्हतं! चेंडू सीमेपार म्हनं!"

सिस्टरना तेवढ्यात कुणाचं तरी ब्लडप्रेशर बघायचं आठवलं.

"नंदे," आबा म्हणाले, "त्यो व्हिडिओ हाय का तुज्या मोबाईलमधी? दाव बरं."

नंदाबाई घाबरल्या, पण त्यांनी दाखवला. आबांनी तो एकदा पाहिला, मग पुन्हा पाहिला. "कलिंगडं लय फुटली गं," ते म्हणाले. मग कठड्याला पाठ टेकवली, घसा खाकरला आणि व्हिडिओ तिसऱ्यांदा सुरू केला.

"गाव तिकोणा पेऽऽठ! मालकीण नंदाबाई! आन् बैल गेला की वो कलिंगडातऽऽ!"

व्हरांडा हसून हसून बेजार झाला. आबा तो हशा खाली बसेपर्यंत थांबले आणि दाराकडे बघून ओरडले, "सिस्टर, घड्याळ?"

प्रेरणा सिस्टरनी छातीवर लावलेलं घड्याळ उचलून बघितलं.

"दोन सेकंद, आबा! एवढं कमी घड्याळ मावळात अजून कुणाचं लागलं नाही."