तीन किलो

"तेरा किलो चारशे," मी म्हणालो. सायकल काट्याच्या आकड्याला लटकून हळूहळू फिरत होती.

वहिनींनी मान वर करून काट्याकडे पाहिलं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना काही पटत नाही. मग त्यांनी विचारलं, "यातलं किती कमी होईल, भावजी?"

"कशासाठी?"

"यांना कळता कामा नये."

मी विचारलं काय आणि उत्तर आलं काय. पण वहिनी उगाच दुकानाची पायरी चढणाऱ्यातल्या नाहीत. नवरा तपासण्यांसाठी दिवसभर दवाखान्यात होता, तेवढ्यात त्या त्याची सायकल भर उन्हात हातानं ढकलत माझ्याकडे घेऊन आल्या होत्या. मी स्टूल पुढे केलं आणि चहा सांगितला.

त्यांचा नवरा म्हणजे माझा जुना दोस्त. त्याला सगळे मीटर म्हणायचे, कारण एकतीस वर्षं त्यानं वीज खात्यासाठी घरोघरी फिरून मीटर वाचले. विशीत आम्ही दोघं एकाच क्लबातून शर्यतीत उतरायचो. तो पहिल्या पाचात यायचा आणि मी त्या पाचांच्या सायकली दुरुस्त करायचो, पुढे तोच माझा धंदा झाला. क्लब बंद पडला, बाकीच्यांनी सायकली विकून टाकल्या. मीटरनं आपली ठेवली. पोलादी सांगाडा, खाली वळलेलं हँडल, चामड्याची सीट. त्याच सायकलवरून तो मीटर वाचत हिंडला आणि निवृत्त झाल्यावर नुसताच हिंडला.

चाळीस वर्षं रोज संध्याकाळी तो ती खांद्यावर टाकून तिसऱ्या मजल्यावर न्यायचा. चोपन्न पायऱ्या, लिफ्ट नाही. खाली जिन्याजवळ जागा होती, कुलूप होतं, पण हा पडला हट्टी. तरुणपणी कधीतरी बोलून बसला होता की ज्या दिवशी ही उचलवणार नाही त्या दिवशी भंगारात देईन. एकदा बोललेलं तो विसरत नसे, हीच पंचाईत होती.

त्या वर्षी हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, सपाटीवर हळूहळू सायकल चालवा, चढ नको, वजन उचलू नका. यातलं पहिलं तेवढं मीटरनं ऐकलं. घरी आल्यावर तो प्रत्येक मजल्यावर दम खायला लागला. मग मजल्याला दोनदा. आदल्या संध्याकाळी तर, वहिनी सांगत होत्या, तो खालच्याच पायरीवर बसून राहिला होता, सायकल भिंतीला टेकवलेली आणि याचा हात सीटवर. अर्ध्या तासानं सायकलसकट वर आला तेव्हा ओठ निळे पडले होते. पाणी प्यायला आणि म्हणाला, भंगारवाल्याला बोलावून ठेव.

खाली ठेवा म्हणून सांगून पाहिलंत का, असं मी विचारलं. तर म्हणे त्यावरून तीन दिवस अबोला झाला होता.

"सायकल गेली की हे अंथरूण धरतील," वहिनी म्हणाल्या. "मी ओळखते ना. सकाळी उठतात तेच तिच्यासाठी."

मी सायकल काट्यावरून उतरवली. खरं सांगायचं तर जुन्या सायकलचा एक स्क्रू बदलायचा तरी माझ्या जिवावर येतं. आणि ही सायकल म्हणजे मीटरला तिचा नट अन् नट पाठ. पण ओठ निळे पडले होते हे ऐकल्यावर माझी खळखळ संपली.

पहिल्या फेरीत मी सीटखालची दांडी बदलली. पोलादाची काढून ॲल्युमिनियमची घातली आणि चकचकीत करून जुनीसारखी दिसेल अशी केली. हँडलची पट्टी जपून उलगडली, आतलं हँडल बदललं, वर तीच मळकी पट्टी तशीच गुंडाळली. जाड ट्यूब काढून पातळ घातल्या. शर्यतीच्या दिवसांत आम्हाला फक्त चाकांच्या वजनाची चिंता असायची, कारण फिरणारं वजन पायांना जास्त जाणवतं. जिन्यावर तसं काही नसतं. तिथे सगळे ग्रॅम सारखेच. सीटच्या पिशवीतले दोन पाने मात्र वहिनींनी स्वतः काढून पर्समध्ये टाकले.

आठवड्यानं मीटर तणतणत दुकानात आला. माझे पाने तू चोरलेस म्हणाला. मी म्हटलं, चाळीस वर्षांत तू मला एक चहा पाजला नाहीस, तुझे पाने घेऊन मी काय करू? तो हसला आणि बाकावर टेकला. मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "परवापासून मजल्याला एकदाच थांबतोय."

मी चाकाच्या तारा पिळत राहिलो.

दुसऱ्या फेरीत चाकं केली. रिमा आतून गंजल्यात, कधी दगा देतील सांगता येत नाही, असं मी त्याला तोंडावर ठोकून दिलं. पोलादी रिमा काढून हलक्या घातल्या, एका दमात किलोभर वजन गेलं. पॅडलही बदलले. मागची दातेरी चक्रं बदलताना साखळी लवकर झिजते वगैरे पुराण लावलं. तिसऱ्या फेरीत लेथवाल्याकडून पॅडलच्या मधला आस आतून पोकळ करून आणला. सीटचं चामडं तेच ठेवून खालची लोखंडी चौकट काढली आणि ॲल्युमिनियमच्या सळ्यांची बसवली. तांब्याचे रिव्हेट जुनेच वापरले. सांगाड्याला हात लावला नाही, कारण तो हलका करता येत नाही. काढलेलं सगळं लोखंड एका पोत्यात घालून मी फळीखाली सरकवून ठेवलं होतं. शेवटी सायकल टांगली तेव्हा काटा दहा किलो चारशेवर थांबला. सहा महिन्यांत तीन किलो.

या सहा महिन्यांत मीटरचा चेहरा पालटला. तो मजल्यावर थांबेना. वहिनी सांगायच्या, वर आल्यावर स्वतःच सायकल खुंटीला अडकवतात आणि शीळ घालतात. एकदा मी त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा मीही ती शीळ ऐकली. बेसूर होती, पण वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मला वाटलं, आपण आयुष्यात एक काम तरी धड केलं.

मग एका दुपारी तो दुकानात आला आणि म्हणाला की रविवारी टेकडीवर जाणार आहे.

टेकडी म्हणजे आमच्या शर्यतीचा शेवटचा टप्पा. चार किलोमीटर सलग चढ. मी म्हटलं, डॉक्टरांनी चढ नको सांगितलंय. तो म्हणाला, डॉक्टरांनी मला जिन्यात पाहिलंय कुठे? मी म्हटलं, गुडघा बरा झाला की मीही येतो, तोवर थांब. तो म्हणाला, तुझा गुडघा तीस वर्षं दुखतोय.

मग त्यानं वर काट्याकडे पाहिलं. "तुझा काटा बरोबर दाखवतो ना रे?"

"दाखवतो की. का?"

"सहज. जुनी खोड." मग म्हणाला, "जरा पक्कड दे."

मी पक्कड दिली. त्यानं सायकल कोपऱ्यात नेऊन उलटी केली आणि माझ्याकडे पाठ करून पाचेक मिनिटं काहीतरी खुडबुड केली. ब्रेकची तार आवळत असेल असं समजून मी लक्ष दिलं नाही. माझं डोकं टेकडीनं खाल्लं होतं. झालं काम, म्हणत त्यानं पक्कड परत केली आणि गेला.

संध्याकाळी मी वहिनींना खाली बोलावून घेतलं. म्हटलं, आता सांगून टाकू. त्याला वाटतंय ताकद आली, ताकद नाही आलेली, लोखंड गेलंय. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. म्हणाल्या, सांगा हवं तर, माझ्यानं होणार नाही. माझ्यानंही झालं नाही. शनिवारी मी दोनदा त्यांच्या जिन्यापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा परत फिरलो.

त्या रविवारी तो टेकडीवर जाऊन आला आणि पुढच्याही. तिसऱ्या रविवारी सकाळी एका टेम्पोवाल्याला तो टेकडीच्या माथ्यावर दिसला. दगडी बाकावर बसलेला होता. सायकल कठड्याला नीट टेकवलेली होती, पॅडल दगडावर ठेवून, जशी तो नेहमी ठेवायचा. टेम्पोवाल्याला वाटलं, म्हातारा खाली पाहत बसलाय. हाक मारली तरी मान वळली नाही, तेव्हा तो जवळ गेला.

महिन्याभरानं वहिनी पुन्हा दुकानात आल्या. या वेळीही त्यांनी सायकल ढकलत आणली होती. बसल्या नाहीत, चहाही नको म्हणाल्या.

"होती तशी करून द्या. ते सगळं लोखंड परत घाला."

मी म्हटलं, वहिनी, आता कशाला?

"आपण त्यांना फसवलं, भावजी. त्यांना वाटलं आपण बरे झालो. म्हणून वर गेले." त्यांचा आवाज चढला नव्हता. "ही अशी हलकी सायकल मला घरात बघवत नाही."

महिनाभर मीही हेच घोळवत होतो. रोज सकाळी दुकानाचं शटर उघडताना पहिली नजर त्या काट्यावर जायची आणि तिथून निघून जावंसं वाटायचं. मी त्यांना संध्याकाळी यायला सांगितलं, फळीखालचं पोतं ओढून बाहेर काढलं आणि सायकल उलटी केली. सुरुवात सीटपासून करायची ठरवली.

सीटखाली बारीक तार होती. मी बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या सळीभोवती वेढा घालून ती रिव्हेटखालून गेली होती, आणि दोन्ही टोकं एका शिशाच्या गोळीत दाबून बसवली होती. गोळी खेळायच्या गोटीपेक्षाही लहान. त्यावर आकडा होता, चारशे सतरा.

हा आकडा मला ठाऊक होता. मीटरवर लावायची सीलं त्याला खात्याकडून मिळायची, प्रत्येकावर त्याचा नंबर. निवृत्त झाला तेव्हा उरलेली मूठभर त्यानं घरी एका डबीत ठेवली होती. तार तोडल्याशिवाय सील निघत नाही, आणि सील असलेलं मीटर म्हणजे तपासलेलं मीटर.

मी जमिनीवरच बसलो. सळी मी तिसऱ्या फेरीत घातली होती. म्हणजे सील त्यानंतरचं. माझ्याच दुकानात, माझ्याच पकडीनं, माझ्या डोळ्यांदेखत त्यानं ते ठोकलं होतं. एकतीस वर्षं लोकांची मीटरं वाचून कुणी कुठे हात घातलाय हे एका नजरेत ओळखणारा माणूस, आणि आम्ही दोघं त्याच्यापासून तीन किलो लपवायला निघालो होतो.

मग मला एका म्हातारीची गोष्ट आठवली. नोकरीच्या पहिल्या वर्षांत त्यानं ती फक्त मला सांगितली होती. एकट्या राहणाऱ्या त्या बाईनं बिल कमी यावं म्हणून मीटरमध्ये काडी घालून फिरणारी चकती अडवली होती. नियमानं कळवायला हवं होतं. यानं झाकण उघडलं, पाहिलं, काडी तशीच ठेवून झाकण लावलं आणि वर आपलं सील ठोकलं. बाई दारात उभी होती. मी विचारलं होतं, मग तिला काय म्हणालास? तो म्हणाला, "काही नाही. सील बघून तिला कळलं."

संध्याकाळी वहिनी आल्या तेव्हा सायकल तशीच उलटी होती. मी त्यांना सीटखालचं दाखवलं. त्यांनी आधी नुसतं पाहिलं, मग बोटानं आकडा चाचपला. सील काय हे त्यांना सांगावं लागलं नाही, डबी त्यांच्याच कपाटात होती. म्हातारीची गोष्ट मात्र त्यांना माहीत नव्हती, ती मी सांगितली.

"हे लावलं कधी?"

"टेकडीवर पहिल्यांदा जायच्या आधी. इथेच."

"म्हणजे जाताना त्यांना माहीत होतं."

"सगळं माहीत होतं."

वहिनी स्टुलावर बसल्या आणि रडल्या. महिनाभरात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडलो, काही लपवलं नाही. दोन गिऱ्हाइकं दारापर्यंत येऊन परत गेली.

डोळे पुसून त्या म्हणाल्या, "जुनं काही परत घालू नका. त्यासाठी ते सील तोडावं लागेल."

मी सायकल सरळ केली, चाकांत हवा भरली आणि त्यांच्याबरोबर घरापर्यंत गेलो. जिन्यापाशी आल्यावर मी ती उचलायला पुढे झालो. वहिनींनी माझा हात बाजूला केला, पदर खोचला आणि मीटर घ्यायचा तसाच मधला दांडा खांद्यावर घेतला.

"नको भावजी," त्या म्हणाल्या. "हलकी आहे."

मी खाली उभा राहून त्यांची पावलं मोजत होतो. छत्तिसाव्या पायरीवर त्या थांबल्या. मग पुन्हा चढू लागल्या.