उसनी थुंकी

सरकारी नोटीस लिहिणाऱ्या माणसाला घरी कुणाशी बोलावं लागत नसावं. ‘सर्व जनतेस कळविण्यात येते की, जिल्ह्यातील क्षयरोगाच्या प्रादुर्भावाची आकडेवारी गोळा करण्याचे योजिले असून’ असा तो कागद कोडोलीच्या अलीकडच्या एका वाडीत चावडीच्या भिंतीवर चिकटला. पाटील गणपतराव तो मोठ्याने वाचायला उभे राहिले आणि दुसऱ्या ओळीलाच त्यांना धाप लागली. बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या चिमणाबाईला त्यातलं एवढंच उमगलं, की सरकारची माणसं घरोघर येणार, खोकणाऱ्याला पत्र्याची डबी देणार आणि सकाळची पहिली थुंकी तीत धरायची. मग कोल्हापुरात सल्लागारांची सभा भरणार आणि दवाखाना कुठल्या गावाला द्यायचा ते तिथं ठरणार.

चिमणाबाई पुढचं न ऐकताच घराकडे वळली. तिचा नवरा आकाराम दोन हिवाळे खोकत होता. पण तिला नवऱ्याची नव्हे, सयाजीची धास्ती होती. सयाजी तिचा एकुलता एक मुलगा. त्याने जत्रेच्या फडात शड्डू ठोकला की आजूबाजूच्या गावांचे पहिलवान आधी त्याच्या मांड्यांकडे बघायचे आणि मग आपल्या वस्तादाकडे. गडहिंग्लजच्या जोतीराम नावाच्या तालेवार बागायतदाराने आपण होऊन त्याला मुलगी देऊ केली होती. वैशाखात बार उडवायचा होता. घरात क्षय आहे असा नुसता वास लागला तरी सोयरीक मोडते, हे सांगायला सरकारी नोटीस लागत नाही.

पौषात ती माणसं आली. बरोबर पांढऱ्या लुगड्यातल्या एक नर्सबाई होत्या. बाई स्वभावाने गोड होत्या, बाजेवर बसून त्यांनी ताक घेतलं. “आता औषध निघालंय याच्यावर,” त्या म्हणाल्या. “वेळेत कळलं तर माणूस खडखडीत बरा होतो. लपवत बसलं तर मात्र हातचा जातो.” आकारामने ‘मला काय न्हाय’ म्हणायला तोंड उघडलं, तर शब्दांच्या आधी खोकलाच बाहेर आला. बाईंनी हसून डबी पुढे केली. झाकणावर त्याचं नाव लिहिलं आणि उद्या सकाळी न्यायला येतो म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सयाजी तालमीतून आला तेव्हा चिमणाबाई डबी घेऊन दारातच उभी होती.

“ह्यात थुक,” ती म्हणाली.

“कुणाची हाय ही?”

“तुज्या आप्पाची. त्येंच्या नावावर तुजी जाऊ दे. तुज्यागत निरोगी थुंकी साऱ्या तालुक्यात गावायची न्हाय.”

सयाजी त्या डबीकडे जरा वेळ बघत राहिला. मग ती घेऊन गोठ्याच्या मागे गेला, चांगलं खाकरला आणि झाकण घट्ट लावून परत आला. चिमणाबाईला हायसं वाटलं. आपण फार मोठी अक्कल लढवली असंही वाटलं, आणि अशी अक्कल बाईमाणसाच्या पोटात थोडीच राहते! तिने ती शेजारच्या विठाबाईला सांगितली. विठाबाईची सून खोकत होती. तासाभरात खोकणाऱ्या साऱ्या घरांतल्या बायका विरजण मागायला याव्यात तशा पदराखाली डब्या घेऊन आल्या. सयाजीने कुणालाच परत पाठवलं नाही. प्रत्येक डबी घेऊन तो गोठ्यामागे गेला आणि भरून आणून दिली. पोरगं दिलदार आहे, असं विठाबाई चारचौघींत म्हणाली. आईला ते ऐकून मूठभर मांस चढलं.

फाल्गुनात दुसरी नोटीस आली. हिची भाषा पहिलीहून वाईट होती, पण अर्थ ताबडतोब कळला. वाडीतून गेलेली एकूण एक डबी दूषित निघाली होती. सगळ्या तालुक्यात वाडीचा आकडा मोठा होता. ज्यांच्या नावच्या डब्या होत्या त्यांनी घरच्या माणसांसह आणि पाटलांसह कोल्हापूरच्या सभेला हजर राहायचं होतं.

वाडीवर अवकळा पसरली. त्या दिवशी चावडीपुढून जाताना माणसं एकमेकांपासून हातभर लांब चालू लागली. आणि मग विठाबाईच्या डोक्यात प्रकाश पडला.

“अगं चिमणाआक्का, पर त्या सगळ्या तर सयाजीच्या हुत्या की.”

ही गोष्ट पाटलांच्या कानावर जायला वेळ लागला नाही. गणपतरावांनी मांडीवर थाप मारली. “सरकार गावलं की मग! अरं, ह्यो रेडा कुटं आणि क्षय कुटं? गावाचं नाव घालवाय बसल्यात. आपल्या पोरी कोण करणार उद्या? चला, सभेलाच नेऊ पहिलवानाला. उभा करू साहेबाफुडं.” सगळी वाडी खदखदून हसली. ज्यांची नावं कागदावर होती ती माणसं तर जास्तच हसली. खोकल्याची उबळ आली तरी हसत राहिली. चिमणाबाईही हसली.

तिचं हसू संध्याकाळच्या जेवणापर्यंत टिकलं. सयाजीने अर्धी भाकरी ताटात ठेवली आणि उठला. हे काही आजचं नव्हतं. उरलेली भाकरी ती रोज म्हशीला घालत होती, पण म्हशीचं पोट भरतं आणि पोराचं भरत नाही असा विचार तिने कधी केला नव्हता. त्याची वाकळ सकाळी ओली लागायची, ते तिने मेहनतीच्या घामावर घातलं होतं. आता ती त्याच्यावर डोळा ठेवून राहिली. दोन दिवसांनी तिने त्याला गोठ्यामागे पाहिलं. तो भिंतीला हात टेकून वाकला होता. थुंकला आणि पायाने वर माती लोटली.

“माती कशाला लोटलीस?” तिने मागून विचारलं.

तो दचकला. “तालमीतली धूळ जाती नाकातोंडात.”

“तांबडं दिसलं मला.”

“हौद्यातली माती तांबडीच असती की, आय.”

कुस्तीच्या हौद्यातली माती तांबडीच असते. तेल, ताक आणि हळद घालून मळलेली ती माती लहानपणापासून त्याच्या अंगाला लागून घरात येत होती, आणि त्याचे लंगोट धुताना तिच्या हातांनाही लागत होती. चिमणाबाईने त्या उत्तरावर विश्वास ठेवायची फार खटपट केली. जमलं नाही. तिने आकारामच्या कानावर घातलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

“गप बस,” तो म्हणाला. “लगीन उरकू दे. मग बगू.”

आणि खरं सांगायचं तर चिमणाबाईला ते पटलं. मग बघू, हा शब्द तिने उराशी धरला. रोज उठून सयाजीच्या वाकळेवर हात फिरवायची, ओल लागली की उन्हात टाकायची आणि कुणाशी बोलायची नाही. स्वतःचा तिला राग येत होता, पण वैशाख जवळ होता.

सभेच्या दिवशी वाडीची माणसं यष्टीने कोल्हापुरात उतरली. सयाजीला त्यांनी मिरवणुकीतल्या नवरदेवासारखा मधे घातला होता. कोशापटका बांधून, मलमलीचा कुडता घालून तो देखणा दिसत होता. कुडता गळ्याशी सैल झाला होता, पण ते आईखेरीज कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सभेच्या दिवाणखान्यात जिल्ह्यातल्या गावोगावचे पुढारी बाकांवर बसले होते. समोरच्या टेबलाशी अध्यक्ष म्हणून एक अधिकारी होते आणि त्यांच्या शेजारी चष्म्यातले एक पोक्त डॉक्टर. गडहिंग्लजकडच्या माणसांत जोतीराम बसला होता. सयाजी दिसताच त्याने मिशीवर हात फिरवला आणि शेजाऱ्याला कोपराने ढोसून काहीतरी सांगितलं. चिमणाबाईने पदर पुढे ओढला. हा इथे असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

वाडीचा विषय निघताच गणपतराव उठले आणि त्यांनी सगळी हकीकत मीठमसाला लावून सांगितली.

“म्हणजे तुम्ही सरकारला फसवलंत,” अध्यक्ष म्हणाले.

“फसवलं कुटं सायेब? एकमेकांस्नी मदत केली. आणि ह्ये बगा त्या थुंकीचं धनी. ऊठ सयाजी.”

सयाजी उठून उभा राहिला तसा दिवाणखान्यात हशा पिकला. कुणीतरी टाळी वाजवली. डॉक्टर तेवढे हसले नाहीत. ते पुढे वाकून सयाजीकडे निरखून बघत होते.

“सगळ्या डब्या यांच्याच असतील,” ते सावकाश म्हणाले, “आणि सगळ्यांत जंतू असतील, तर मला यांनाच विचारलं पाहिजे. पहिलवान, खोकला येतो?”

“न्हाय.”

“संध्याकाळचा ताप?”

“न्हाय.”

“थुंकीत कधी रक्त दिसलं?”

“न्हाय, सायेब.”

“डॉक्टर, वाघ हाय त्यो,” जोतीराम बसल्या जागेवरून म्हणाला. “जावई हाय आमचा.” पुन्हा हशा झाला.

डॉक्टरांनी अध्यक्षांच्या कानाशी काही सांगितलं. अध्यक्षांनी मान हलवली. “ते कबूल करत नाहीत, तुम्ही बळजबरी करू शकत नाही. नमुने खोट्या नावांनी दिलेले आहेत, ते धरता येणार नाहीत. या गावाचे आकडे वगळा. पुढचा विषय घ्या.”

गणपतराव शेजारच्याच्या पाठीवर थाप मारून खाली बसले. आकारामने बायकोकडे पाहिलं आणि डोळ्यांनी सांगितलं, सुटलो. खरोखरच सगळं सुटलं होतं. गावाचं नाव धुऊन निघालं होतं, लग्न ठरल्यावेळी लागणार होतं, आणि या विषयावर चिमणाबाईला पुन्हा कुणी एक अक्षर विचारणार नव्हतं. तिच्या कानात नर्सबाईंचं बोलणं घुमलं. लपवत बसलं तर हातचा जातो. सयाजी खाली बसताना बाकाचा कठडा धरून बसला, ते तिला दिसलं.

ती उठली. आयुष्यात चावडीत सुद्धा ती कधी बोलली नव्हती.

“सायेब,” ती म्हणाली, “गाव वगळायचं तर वगळा. माज्या पोराला वगळू नगा.”

“आय, खाली बस,” सयाजी म्हणाला.

“न्हाय बसत. खोटं बोलतोय त्यो, सायेब. रातीची वाकळ भिजती त्येची. भाकरी सरत न्हाय. रगात पडतंय, त्यावर माती लोटतोय. मी बगितलंय आणि गप बसले. लगीन हुतं म्हणून गप बसले.” ती उभीच राहिली.

जोतीरामने मांडीवर काढून ठेवलेला पटका उचलला, डोक्यावर नीट बसवला आणि कुणाकडेही न बघता दाराबाहेर गेला. सयाजीच्या बाकावर बसलेले वाडीचे लोक हळूहळू सरकू लागले. विठाबाईने आपल्या सुनेला हाताला धरून मागच्या बाकावर नेलं. ज्याला मघाशी मधे घालून आणलं होतं, तो बाकावर एकटा उरला. चिमणाबाई त्याच्याजवळ जाऊन बसली. तो तिच्याकडे बघत नव्हता. हा आता आपल्याशी जन्मात बोलणार नाही, असं तिला वाटलं.

डॉक्टर टेबलामागून उठून आले आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“दिवाळीपास्नं,” सयाजी म्हणाला.

“म्हणजे डब्या आल्या तेव्हा तुला माहीत होतं?”

“संशय आला हुता. नक्की ठावं नव्हतं.”

“अरे, मग दुसऱ्यांच्या डब्या भरल्यास कशाला?”

सयाजीने वर पाहिलं. डॉक्टरांकडे नाही, आईकडे. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि चिमणाबाईला तेच सोसवेना.

“पहिलवानाच्या हातात कोण डबी देतंय?” तो म्हणाला. “मागाय तोंड न्हवतं. आयनं आप्पाची फुडं केली, तवा म्हटलं, बरं झालं, कळंल तरी. मग बाकीच्या आल्या. त्याबी भरल्या.” त्याने हाताचे पंजे गुडघ्यांवर पुसले. “एवड्या भरल्या, तर त्यातली एखादी तरी चांगली निघंल, असं वाटलं हुतं.”